फुलांची हुंडी

"मॅडम, साहेब घरी आहेत का? त्यांच्या नावाची फुलं आहेत."

गेल्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. दारात हेल्मेट घातलेला एक पोरगा, हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ. त्याने मोबाइलवर बघून नाव वाचलं. ते माझ्या अब्बांचं नाव होतं. अब्बांना जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.

पोराची काही चूक नव्हती. फुलं माझ्या धाकट्या बहिणीने मस्कतहून पाठवली होती. बरसीला तिला यायला जमलं नाही, म्हणून तिने मोबाइलवर एक साइट उघडली, गुच्छ निवडला, दोन हजारांच्या वर पैसे भरले. पत्त्याच्या रकान्यात तिने आधी 'कब्रस्तान, फैजपूर' असं लिहिलं. ते काही पुढे सरकेना. घर नंबर पाहिजे, घेणाऱ्याचं नाव पाहिजे, घेणाऱ्याचा मोबाइल पाहिजे. शेवटी तिने घेणारा म्हणून अब्बांचं नाव टाकलं आणि नंबर माझा. कंप्युटरला ते चाललं.

मी पोराला विचारलं, "कोणत्या दुकानातून आणलंस?" तो म्हणाला, "भुसावळहून आणलं मॅडम. दुकानाचं नाव नाही बघितलं. आम्हाला फक्त कुठून उचलायचं आणि कुठे द्यायचं ते येतं." गुच्छावरही दुकानाचं नाव नव्हतं. इंग्रजीत छापलेलं एक कार्ड होतं, ते मी बहिणीला अजून दाखवलेलं नाही. जरबेराची आठ फुलं, प्रत्येकाच्या देठाला ताठ राहावं म्हणून प्लॅस्टिकची नळी, खाली हिरव्या स्पंजचा ठोकळा.

अर्ध्या तासात तिचा फोन. "आपा, फूल अब्बा के पास पहुंचे क्या?"

काय सांगणार? आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. जावं की जाऊ नये याबद्दल उलेमांत मतं वेगवेगळी आहेत, पण आमच्या मोहल्ल्यात रिवाज न जाण्याचाच. ती समुद्रापलीकडे, मी त्या कबरीपासून पायी दहा मिनिटांवर, आणि फुलं वाहायच्या बाबतीत दोघी सारख्याच लांब. मी एवढंच म्हटलं, "घरी आलेत. सकाळी भाचा घेऊन जाईल." त्या रात्री कात्री घेऊन मी जरबेराच्या नळ्या काढत बसले.

माझा एक दोष आहे. राग आला की मी त्या गोष्टीचा इतिहास शोधायला लागते. लांब बसून फुलं मागवायची ही रीत आली कुठून, आणि यात फुलवाला गेला कुठे, असा तो राग होता.

या धंद्याचा पाया कळायला मला वेळ लागला नाही, कारण अब्बांनी तो मला वेगळ्या नावाने लहानपणीच शिकवला होता. अब्बा टपाल खात्यात कारकून होते. गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणायचं. मनीऑर्डरीच्या खिडकीवर त्यांची अर्धी नोकरी गेली. मी एकदा विचारलं होतं की मुंबईला मामूंनी भरलेली तीच नोट आपल्याला मिळते का? ते हसले होते. "नोट तिथेच राहते बेटा. इकडे फक्त निरोप येतो. निरोपावर विश्वास ठेवून इथला माणूस आपल्या गल्ल्यातली नोट देतो." आणि मग म्हणाले होते की सरकारने हे काम १८८० मध्ये सुरू केलं, आपले सराफ आणि सावकार त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. त्याला हुंडी म्हणतात.

हुंडी आमच्या खानदेशाला नवी नाही. आमच्यापासून बसने दोन तासांत बुऱ्हाणपूर येतं. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावर्निए या वाटेने फिरला, तेव्हा बुऱ्हाणपूरहून सुरतेवर हुंडी काढायची तर किती हुंडणावळ पडते याचीही नोंद त्याने करून ठेवली आहे. बुऱ्हाणपुरात पैसे भरायचे, कागद घ्यायचा, सुरतेला जाऊन तिथल्या पेढीवर वटवायचा. वाटेत चोराला कागद मिळाला तरी त्याला काय करायचंय? दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे, मुद्दती म्हणजे ठरल्या दिवशी. शाहजोग म्हणजे पत असलेल्या शाहूच्याच हाती पैसे द्यायचे. कागद हरवला तर दुसरी प्रत काढायची तिचं नाव पेठ, तीही हरवली तर परपेठ. सगळ्या कारभाराच्या मुळाशी एकच शब्द, पत. काढणारा वटवणाऱ्याला ओळखत असे. नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशा शेठवर काढलेल्या हुंडीची कथा आपण ऐकलेली असते. त्या कथेत चमत्कार एवढाच की तिकडे हुंडी वटवणारा निघाला. हुंडीचा कागद कसा चालतो हे श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नसे, ते त्यांच्या रोजच्यातलं होतं.

आता फुलांकडे येते. फूल लांब पाठवण्याची अडचण उघड आहे. नोट शिळी होत नाही, फूल होतं. युरोपात रेल्वे आली, टपाल आलं, तरी पार्सलातून पाठवलेली फुलं कोमेजून पोहोचायची. १९०८ मध्ये बर्लिनच्या माक्स ह्युबनर नावाच्या फुलवाल्याने यावर मार्ग काढला आणि निरनिराळ्या गावांतल्या फुलवाल्यांचा एक संघ बांधला. फुलं पाठवायचीच नाहीत. गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या फुलवाल्याकडे पैसे भरायचे, त्याने त्या गावच्या फुलवाल्याला कळवायचं, आणि तिकडच्याने आपल्या दुकानातली ताजी फुलं नेऊन द्यायची. हाच संघ पुढे फ्लेरोप नावाने ओळखला गेला. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी असाच संघ काढला. ते निरोप तारेने पाठवायचे, म्हणून नावातच तार होती: फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी. १९२३ मध्ये ब्रिटनचे फुलवाले या पद्धतीत आले, तीच पुढची इंटरफ्लोरा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, तिन्ही संघ एका छत्राखाली आले. महायुद्धात एकमेकांवर बाँब टाकलेल्या देशांतले फुलवाले पुन्हा एकमेकांचे निरोप वटवायला बसले, हे मला त्यातलं सगळ्यात विशेष वाटतं.

म्हणजे ही फुलांची हुंडीच. घेणाऱ्या दुकानाला हुंडणावळही मिळायची, रकमेचा साधारण पाचवा भाग. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या संघांचे सभासद स्वतः फुलवाले होते. दोन्ही टोकांना दुकान, दोन्ही टोकांना फुलांची जाण असलेला माणूस. सभासदांची गावनिहाय यादी प्रत्येक दुकानात असायची. फुलं शिळी निघाली तर गिऱ्हाईक आपल्याच गावच्या दुकानात येऊन भांडू शकत असे.

आपल्याकडे तार लोकांसाठी १८५५ मध्ये खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेने फुलं मागवण्याची चैन आपल्या छोट्या गावांत कोणी केली असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे तार म्हणजे छातीत धस्स. शुभेच्छांच्या तारेसाठी मात्र ठरलेली वाक्यं होती आणि प्रत्येकाला नंबर होता. दिवाळी, ईद, नवं वर्ष, लग्न. पूर्ण वाक्याऐवजी नंबर पाठवायचा, तिकडचा बाबू त्या नंबरचं वाक्य लिहून द्यायचा. अब्बांना ते सगळे नंबर शेवटपर्यंत पाठ होते. ईदच्या दिवशी ते आम्हाला नुसता नंबर सांगून मुबारकबाद द्यायचे आणि स्वतःच हसायचे.

पण फुलं लांबून मागवणं आपल्याकडे होतं. फक्त ते लग्नाच्या बुक्यासाठी नव्हतं, नवसासाठी होतं. अब्बा सांगायचे, रजब महिना जवळ आला की खिडकीवर अजमेरच्या मनीऑर्डरी वाढायच्या. तिथल्या खादिमांकडे घराण्याघराण्यांच्या वह्या असतात, पंढरपूरला किंवा नाशिकला बडव्या-उपाध्यांकडे असाव्यात तशा. ज्याला उर्साला जाणं जमत नसे तो आपल्या घराण्याच्या खादिमाला पैसे पाठवायचा. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर खाली निरोपासाठी बोटभर जागा असायची. तिथे लिहिणारा लिहायचा, किंवा लिहिता येत नसेल तर अब्बांकडून लिहवून घ्यायचा, 'फूलों की चादर, मुन्ने के नाम से.' लिहवून घेणाऱ्यांत हिंदूही असायचे. अब्बांनी हे मला कौतुक म्हणून सांगितलं नव्हतं, खिडकीवरची हकिगत म्हणून सांगितलं होतं.

या नवसाच्या चादरींतली सगळ्यात गाजलेली चादर दिल्लीची. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट मिर्झा फरहतुल्लाह बेग यांच्या लेखनातून भेटते. लाल किल्ल्यात तेव्हा अकबर शाह दुसरा नावाचाच बादशहा होता, कारभार इंग्रज रेसिडेंटचा. बादशहाचा लाडका मुलगा मिर्झा जहांगीर याने रेसिडेंट सीटनवर गोळी झाडली. सीटन वाचला, शहजाद्याची रवानगी अलाहाबादला झाली. त्याची आई बेगम मुमताज महल (ताजमहालवाली नव्हे, ती आमच्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात १६३१ लाच वारली) हिने नवस बोलला. मुलगा सुटून आला तर मेहरौलीला ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. मुलगा परत आला. १८१२ च्या सुमाराला बेगमेने चादर नेली. दिल्लीच्या फुलवाल्यांनी चादरीबरोबर आपल्या मनाने फुलांचा एक सुंदर पंखाही करून दिला. लोकांना तो इतका आवडला की दरवर्षीची जत्राच ठरली. चादर दर्ग्यावर आणि पंखा जवळच्याच योगमाया देवीच्या देवळात. बहादूरशाह जफरच्या काळात ही जत्रा भरात होती. १९४२ मध्ये इंग्रजांनी ती बंद पाडली, स्वातंत्र्यानंतर साठच्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली.

तिचं नाव बघा. पैसे बेगमेचे, नवस बेगमेचा, मुलगा बेगमेचा. तरी जत्रेला कोणी बेगमेचं नाव दिलं नाही, शहजाद्याचंही नाही. नाव पडलं 'फूल वालों की सैर'. त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त करून दिलं होतं, आणि दिल्लीने ते लक्षात ठेवलं.

महाराष्ट्राला हे वेगळं वाटायचं कारण नाही. जोतीरावांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुलं, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवायचे म्हणून लोक 'फुले' म्हणू लागले, आणि तेच आडनाव झालं. आमच्या जळगावच्या बाजारपेठेतल्या सगळ्यात गजबजलेल्या मार्केटला त्यांचं नाव आहे. नवखा माणूस तिथे गजरा शोधायला गेला तर आधी कपड्यांची दुकानं दिसतील, ते सोडा. 'फुलारी' हे आडनाव हिंदूंत आहे तसं मुसलमानांतही आहे. हैदराबादकडे 'गुलफरोश' म्हणतात. आपल्याकडच्या निकाहात सेहरा बांधणारे हे हात. उर्दू अदबमध्ये या फुलांच्या सेहऱ्यावरून गालिब आणि जौक यांची १८५२ मध्ये चांगलीच जुंपली होती, शहजादा जवां बख्तच्या शादीत. दोन्ही शायरांची नावं आपण वर्गात शिकवतो. शहजाद्याच्या कपाळावर प्रत्यक्ष बांधलेला सेहरा कोणी ओवला होता ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

आमच्या फैजपूरलाही लांबून आलेल्या मागणीचं एक उदाहरण आहे, जरी ते केवळ फुलांचं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी ते अंगावर घेतलं होतं. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना बोलावणं धाडलं, आणि अट घातली की सामान आजूबाजूच्या गावांत मिळेल तेच, आणि हात गावच्या कारागिरांचे. नंदलालबाबूंनी बांबू आणि असंच इथलं साधं सामान वापरून टिळकनगर उभं केलं. नेहरूंची मिरवणूक त्यांनी सजवलेल्या बैलरथातून निघाली. मी मुलांना अधिवेशनाची माहिती देते तेव्हा या अटीवर जास्त वेळ थांबते. मागणी कुठूनही येवो, माल आणि हात इथला, ही ती अट.

आताच्या साइटवर माझा राग आहे तो याच ठिकाणी. मशीनवर माझा राग नाही. मावळातला गुलाब व्हॅलेंटाइनच्या आधी विमानाने परदेशात जातो, त्यावर शेतकऱ्यांची घरं चालतात, मला आनंदच आहे. पण हुंडीच्या दोन टोकांना दोन पेढ्या होत्या, तारेच्या दोन टोकांना दोन फुलवाले होते. आता मधला जो आहे त्याने दोन्ही टोकांची नावं पुसून टाकली आहेत. माझ्या बहिणीला भुसावळचा फुलवाला माहीत नाही. त्या फुलवाल्याला हे माहीत नाही की फुलं कबरीसाठी आहेत. माहीत असतं तर त्याने प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्या नसत्या, एवढा माझा कोणत्याही फुलवाल्यावर विश्वास आहे. दोन हजारांतले त्याच्या हाती किती पडले हे त्यालाच ठाऊक. आठ जरबेरा बघून मला अंदाज आला. जुनी हुंडणावळ उघड असायची, सुरतेला किती आणि आग्ऱ्याला किती. ही हुंडणावळ कोणी सांगत नाही.

कबरीवर फुलं वाहावीत का, हाही प्रश्न मला विचारला जाईल, म्हणून आधीच लिहिते. दोन कबरींवर प्रेषितांनी खजुराची ओली फांदी दुभंगून लावल्याची हदीस बुखारीत आहे. त्यावरून कोणी फुलांना परवानगी मानतात, कोणी म्हणतात ते तेवढ्यापुरतंच होतं. मी फतवा देणारी नाही. अब्बा स्वतः आजीच्या कबरीवर दर शब-ए-बारातला सब्जा ठेवायचे. आपल्याकडे कब्रस्तानाबाहेर गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर हा हिरवा, वासाचा सब्जा मिळतो तो. साइटवरच्या शेकडो गुच्छांत सब्जा कुठेच नव्हता.

त्या आठवड्यात मी बाजारातल्या नानांकडे गेले. माळी समाजातले आहेत, सत्तरीला आले असतील. गणपतीचे हार, देवीच्या वेण्या, आमच्या संदलच्या चादरी, सेहरे, सगळं एकाच टोपलीतून. वडिलांपासून हेच काम. मी भीत भीत जरबेराची हकिगत सांगितली.

ते सुईत दोरा ओवत ऐकत होते. म्हणाले, "बाई, मास्तरांची चादर होती, तुम्ही भुसावळहून कशाला मागवली?"

"मी नाही मागवली नाना. मस्कतहून छोटीने..."

"मग तिने मला फोन करायचा. मास्तरांनी माझ्या पोराची मनीऑर्डर पावसात भिजत घरी आणून दिली होती. सुरतेला मिलमध्ये होता तो तेव्हा."

मी तिथूनच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. नानांनी फोन हातात धरला नाही, हात ओले होते. मीच समोर धरला. तिने आदबीने सलाम केला, त्यांनी "बरी आहेस का पोरी?" म्हणून विचारलं. मग दोघांचं बराच वेळ चाललं. किती हात लांब, गुलाब देशी की ते मोठे वासाविनाचे, कडेला झेंडू नको ना, मोगरा आत्ता मिळणार नाही, उन्हाळ्यात मिळेल. सब्जा ते आदल्या दिवशी सावद्याहून आणवणार. किंमत विचारली तर ते म्हणाले, "त्या दिवशीचा बाजारभाव लावीन, आज कसं सांगू?" तिने आगाऊ पैसे पाठवते म्हटलं. त्यावर ते मला म्हणाले, "तिला सांगा, आधी चादर पोहोचू दे."

जुम्मेरातला चादर तयार झाली. भाच्याने कब्रस्तानातून फोटो पाठवला, मी तो पुढे मस्कतला पाठवला. देशी गुलाब, मध्ये निशिगंधाच्या ओळी, पायाशी सब्ज्याची जुडी. निशिगंध कोणी सांगितला नव्हता.

पैसे द्यायला गेले तेव्हा नानांनी कापडी पुठ्ठ्याची वही काढली. डोळ्यांजवळ धरून लिहिलं: 'पोस्टमास्तर. चादर १, सब्जा. मस्कत.' चारशे चाळीस झाले होते, माझ्याकडे सुटे नव्हते. पुढे लिहिलं, 'बाकी ४०'. मी दुसऱ्या दिवशी द्यायला गेले तर म्हणाले, राहू द्या बाई, शब-ए-बारातच्या हिशेबात धरू.